चढ सगळेच दाखवतात!

बुलढाणा जिल्ह्याला दोन मजले आहेत. जोक नाही, बॉस! तिथल्या कुणालाही ‘गाव कोणतं?’ असं विचारा. गावाच्या नावाआधी मजला येतो. ‘घाटावरचा’ किंवा ‘घाटाखालचा’. वरच्या मजल्यावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि खुद्द बुलढाणा. खालच्या मजल्यावर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. झाले तेरा तालुके. वर पैनगंगेचा उगम आणि चढउताराची जमीन, खाली पूर्णेचं काळंभोर सपाट खोरं. मध्ये अजिंठ्याच्या डोंगराची कड. जिल्ह्यात कुठलंही मोठं काम काढा, लग्न, दवाखाना नाहीतर कोर्टकचेरी, एकदा तरी घाट लागतोच.

आपण पुण्या-मुंबईकडचे लोक तिथे कशाला जातो? लोणारला फोटो, शेगावला दर्शन, स्टेशनवर कचोरी, खल्लास! संपला वीकेण्ड. मी मात्र गेल्या दिवाळीनंतर दोन दिवस जिल्हाभर फिरलो ते एका वेगळ्याच कामासाठी. माझ्या भाच्याला मसल कार हवी होती.

मसल म्हणजे नेमकं काय?

आधी फंडा क्लिअर करू. मसल कार ही अमेरिकेची भानगड. १९६४ साली तिकडे पाँटियाक जीटीओ आली, त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली, आणि तरुण पोरं वेडी झाली. आयडिया सोपी होती. साध्या, फॅमिली टाइपच्या गाडीत दणकट इंजिन टाकायचं आणि किंमत अशी ठेवायची, की नोकरीला नुकत्याच लागलेल्या पोरालाही परवडावी. कमी पैशात जास्त ताकद!

आमचा हिरो अठरा पूर्ण. घर चिखलीला, कॉलेज शेगावला, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. शनिवारी घरी यायचं तर शेगाव, खामगाव आणि मग चिखली अशी एसटीची बदलाबदली. दाजींचं बजेट तीन लाख. सोयाबीनचे पैसे, थोडी बचत. त्यात नवी गाडी विसरा, सेकंडहँडच. पोराच्या मोबाइलमध्ये रील्सचा ढीग. कधी स्कॉर्पिओ, कधी जुनी होंडा सिटी, कधी काळी कुळकुळीत कॉन्टेसा. मला फोनवर म्हणाला, ‘मामा, पिकअप पाह्यजे. बाकी काही नाही.’

आणि ताईची एकच अट. दुचाकी नाही. त्याच्याच बरोबरीचा एक मुलगा त्याच्या आदल्या पावसाळ्यात मोटरसायकलवरून गेला. सतरा वर्षांचा. लायसन नव्हतंच. तेव्हापासून ताईच्या घरात बाइकचा विषय बंद. खरं तर कायदा याबाबत अगदी स्वच्छ आहे. सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सीसीपर्यंतची, बिनगिअरची दुचाकी. बाकी सगळं अठरानंतर. २०१९च्या दुरुस्तीनंतर तर अल्पवयीन पोराने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द होतं, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. पण गावात काय, शहरात काय, चावी खुंटीवर लटकलेली असते आणि पोराचा हात तिथवर पोचतो!

शहरातल्यांनी हसू नये. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. गेलेली दोघं तुमच्या-माझ्यासारखीच, आयटीत नोकरी करणारी. ताईने ती बातमी पाहिली आणि मला फोन केला. ‘तू ये. तू सोबत असल्याशिवाय ते गाडी घेणार नाहीत.’

म्हणून आम्ही चौघं निघालो. मी, भाचा, दाजी आणि चिखलीचे आमचे जुने मिस्तरी. मिस्तरी कमी बोलतात. पण सेकंडहँड गाडी बघायला जाताना असा एक माणूस सोबत हवाच, ज्याला गाडी आवडण्याची घाई नसते.

वरचा मजला : साहेबांची गाडी

पहिला दिवस घाटावरचा. चिखलीहून मेहकर. नोव्हेंबरात हा रस्ता मस्त असतो. तुरीला पिवळी फुलं, हरभरा नुकताच उगवलेला, हवेत थोडा गारवा. मेहकरला शारंगधर बालाजीचं मंदिर आहे. काळ्या पाषाणातली अशी भव्य विष्णुमूर्ती फार कमी ठिकाणी बघायला मिळते. दाजींनी आधी दर्शन घेतलं. गाडी बघायला जाताना नारळ खिशात ठेवणारा माणूस तो!

गाडी होती २०१० सालची काळी स्कॉर्पिओ. पुढे लोखंडी गार्ड, मागच्या काचेवर ‘साहेब’. भाचा तिच्याभोवती तीन वेळा फिरला. स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली तेव्हापासून या भागात ती नुसती गाडी नाही, वट आहे वट! लग्नाच्या वरातीत, प्रचारात, बाजार समितीच्या आवारात तीच. उंच बसायचं आणि समोरच्याने बाजूला व्हायचं.

मिस्तरींनी पहिलं काम काय केलं? गाडीला हात न लावता बोनेटवर तळवा ठेवला. गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवलेली. थंड इंजिन किती कुरकुरतं, धूर कसला टाकतं, हे आम्हाला दिसू नये म्हणून. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. एकदा गरम झालं की बऱ्याच गोष्टी झाकल्या जातात. मग ते टायरपाशी बसले. टायरच्या कडेला चार आकडे असतात, ते आपण कधी वाचत नाही. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसत होती, पण टायर दहा वर्षांहून जुना!

‘एअरबॅग?’ मी विचारलं. मालक हसला. ‘भाऊ, एवढा पत्रा हाये! एअरबॅग कायले लागते?’

हा पत्र्याचा गैरसमज लई जुना आहे. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या काही गाड्या भिंतीवर आपटून पाहिल्या. बिनएअरबॅगच्या स्कॉर्पिओला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी मिळालेले स्टार किती? शून्य. आणि तो पुढचा लोखंडी गार्ड? केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्येच असे गार्ड बेकायदा म्हणून कारवाईचे आदेश राज्यांना दिले होते. पायी चालणाऱ्याला तो मारतोच, आणि धक्का थेट गाडीच्या सांगाड्यात पोचवतो. उंच गाडी वळणावर झुकतेही जास्त. अठरा वर्षांच्या हातात ती, आणि शेजारी तिघं मित्र ‘दाब रे’ म्हणणारे... भाच्याचा चेहरा पडला. पण यादीतलं पहिलं नाव गेलं.

लोणारचं गणित

मेहकरहून सुलतानपूरमार्गे लोणार. इतक्या जवळ येऊन लोणार चुकवायचं नसतं. काठावर उभं राहिलं की आवाजच बंद होतो. पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाची गोल वाटी, उतारावर दाट झाडी, तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं हे विवर. २०२० साल लोणारसाठी धमाल होतं. जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, देशभर फोटो फिरले, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळाचा दर्जाही मिळाला. गावातलं दैत्यसूदन मंदिरही बघा. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघताना मान दुखेल, पण मन भरणार नाही.

काठावर चहा घेता घेता भाचाच म्हणाला, ‘मामा, जे पडलं ते या खड्ड्याच्या मानानं किती लहान असेल ना!’

लहानच. खड्डा वस्तूच्या आकाराने पडला नाही, वेगाने पडला. बारावीत सगळ्यांनी घोकलेलं असतं. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. वर्ग! ताशी साठवरून एकशेवीसवर गेलात तर आपल्याला वाटतं वेग दुप्पट झाला. पण ब्रेकला, बेल्टला आणि बरगड्यांना जी ऊर्जा झेलायची ती चौपट झालेली असते. पुस्तकात हे गणित कोरडं वाटतं. लोणारच्या काठावर ते समोर पसरलेलं दिसतं.

परतताना दुसरबीडवरून सिंदखेड राजा. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा वाडा. दर १२ जानेवारीला इथे माणसांचा समुद्र लोटतो. वाड्याचं दगडी प्रवेशद्वार बघितलं की ‘मसल’ या शब्दाचा खरा अर्थ कळतो. आणि गावापासून थोड्याच अंतरावरून समृद्धी महामार्ग जातो. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, कारला वेगमर्यादा ताशी १२०, दुचाकींना बंदी. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि घाटावरच्या गावांचं नशीब बदललं. पण याच पट्ट्यात १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि पंचवीस प्रवासी गेले. रस्ता सरळ, रुंद, गुळगुळीत. तिथे इंजिनची परीक्षा नसते, माणसाच्या डोळ्यांची आणि टायरची असते.

दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘समृद्धीवर सहा महिने जायाचं नाही. लिहून घे.’ भाच्याने मोबाइलमध्ये खरोखरच लिहून घेतलं.

खालचा मजला : दोन म्हाताऱ्या सुंदऱ्या

दुसऱ्या दिवशी सकाळी चिखली, बुलढाणा आणि राजूर घाट. बुलढाणा जिल्ह्याच्या ठिकाणांमधलं निवांत गाव. हवा थंड, झाडी भरपूर. गाव संपता संपता घाट सुरू होतो आणि वळणावळणाने खालचं खोरं उलगडत जातं. सकाळचं धुकं खाली साचलेलं असलं तर थांबाच. सही सीन असतो!

मलकापूरला होती जुनी होंडा सिटी, व्हीटेकवाली. गाड्यांचं वेड असलेल्या तिशी-चाळिशीतल्या कुणालाही विचारा, डोळे चमकतील. दीड लिटरचं इंजिन, १०६ हॉर्सपॉवर, २००० सालच्या आसपास आलेली. इंजिन फिरायला लागलं की गाणं म्हणतं. या गाडीची किंमतही बजेटच्या निम्म्यात. भाचा गारद!

पण खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस, नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. या गाडीचं नूतनीकरणच झालेलं नव्हतं. मालक म्हणाला, ‘होऊन जाते साहेब, माणूस हाये आपला.’ मिस्तरींनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि फक्त मान हलवली. पत्रा गंजलेला. ज्या गाडीचे कागद ‘माणसा’च्या भरवशावर आणि पत्रा रंगाच्या भरवशावर उभा आहे, तिचं पिकअप कितीही गोड असो, नमस्कार करून निघायचं.

नांदुऱ्याला हायवेवर एकशे पाच फुटी हनुमान आहे. तिथे पाच मिनिटं थांबून आम्ही खामगाव गाठलं. खामगाव म्हणजे चांदीचं गाव, आणि त्याआधी कापसाचं. इंग्रजांना वऱ्हाडच्या कापसाची इतकी हाव होती, की १८७० साली त्यांनी मुख्य लाइनवरच्या जलंबपासून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा आणला. जुन्या जिनिंगच्या भिंती अजून दिसतात. अशाच एका जिनिंगच्या शेडमध्ये, पोत्यांच्या मागे, ती उभी होती.

कॉन्टेसा!

भारतीय मसल कार म्हणतात ती हीच. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ ते २००२ या काळात बंगालमधल्या उत्तरपाडा कारखान्यात बनवलेली. डिझाइन ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचं. लांबलचक बोनेट, चार गोल दिवे, मागच्या चाकांना ताकद. सुरुवातीला अ‍ॅम्बेसेडरचंच मरतुकडं इंजिन होतं, पुढे इसुझूचं १.८ लिटरचं आलं आणि गाडीत जान आली. ज्यांच्या घरी ती होती त्यांच्या दारात पोरं नुसती बघायला उभी राहायची. भाचा शेडमध्ये गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘मामा... ही.’

मी त्याला एकच प्रश्न विचारला. हिची ताकद किती? त्याने मोबाइलवर बघितलं. साधारण ८८ हॉर्सपॉवर. गाडी बाराशे किलोच्या आसपास. ‘फक्त?’ तो म्हणाला. तेव्हा ते ‘फक्त’ नव्हतं. मारुती ८०० चाळीसच्या घरात होती, म्हणून ८८ म्हणजे पैलवान! आज ऑफिसच्या पार्किंगमधल्या कितीतरी साध्या डिझेल गाड्या त्याहून ताकदवान आहेत, फक्त त्यांच्या बोनेटची लांबी तेवढी नाही. आपण बऱ्याचदा ताकद विकत घेतोय असं समजून लांबी विकत घेतो.

कॉन्टेसा जपावी, रविवारी पुसावी, दसऱ्याला हार घालावा. पण पहाटे चार वाजता आजीला दवाखान्यात न्यायचं असेल तर तिचा स्पेअर पार्ट शोधत बसावं लागतं. एअरबॅग नाही, एबीएस नाही. भाच्याने तिच्या बोनेटसोबत सेल्फी काढला. निघताना वळून बघितलं. पहिलं प्रेम असंच असतं, यार!

काकांची गाडी

खामगावलाच शेवटची गाडी होती. २०१७ सालची फोर्ड अस्पायर, डिझेल, वरचं मॉडेल. पांढरी. भाचा बघताच म्हणाला, ‘मामा, ही तं काकाची गाडी हाये.’

खरंय. ऑफिसातल्या अकाउंट्सच्या काकांची वाटावी अशी. पण कागद वाचा. दीड लिटर डिझेल, शंभर हॉर्सपॉवर, वजन कॉन्टेसापेक्षा कमी. पुढे दोन एअरबॅग, एबीएस. २०१७च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत तीन स्टार. साध्या फॅमिली गाडीत दणकट इंजिन, आणि किंमत पोराला परवडेल अशी. १९६४ची व्याख्या पुन्हा वाचून बघा!

किंमत खाली का? कारण सप्टेंबर २०२१मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवायची घोषणा केली. लोक घाबरले, भाव पडले. पार्ट मिळतात, पण घाटावरच्या प्रत्येक दुकानात नाही, मागवावे लागतात. ही अडचण खरी आहे आणि ती किमतीत धरायची असते.

मालक पोक्त माणूस, सरळ. मागितले दोन ऐंशी. बोनेट थंड होतं. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला आणि काही सेकंदांनी विझला. हे नक्की बघा. दिवा लागतच नसेल तर कुणीतरी तो काढून टाकलाय, म्हणजे आत काहीतरी लपवलंय. टायर दोन वर्षांचे. बँकेचा बोजा उतरलेला, एनओसी हातात. ‘चला, चक्कर मारू,’ मालक म्हणाला.

बोथा घाट! खामगावहून बुलढाण्याकडे जाताना ज्ञानगंगा अभयारण्यातून चढणारा रस्ता. अंजन-सागाचं जंगल, अस्वलं, बिबटे. याच जंगलात २०१९मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ चालत चालत येऊन पोचला होता. पट्टा लावलेला असल्यामुळे त्याचा सगळा प्रवास नोंदला गेला, तीन हजार किलोमीटरहून जास्त. असली रोड ट्रिप तीच, बाकी आपण पेट्रोल जाळतो.

भाचा ड्रायव्हिंग सीटवर, मी शेजारी, मालक आणि मिस्तरी मागे. चढ सुरू झाला, तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो जागा झाला आणि गाडी अशी खेचली की भाच्याच्या तोंडून शिट्टीच निघाली. मालक खूश. ‘पाह्यलं? फायनल करून टाका!’

तेव्हा मिस्तरी दोन दिवसांतलं सगळ्यात लांब वाक्य बोलले. ‘चढ तं समदेच दाखोतात, भाऊ. आता गाडी पलटवा. उतार पाहू.’

उतारावर कहाणी वेगळी. दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. ब्रेकच्या डिस्क वाकड्या झालेल्या. मालक म्हणाला, ‘न्यूट्रल करून आणा हळूहळू, अ‍ॅव्हरेज बी भेटते.’ मिस्तरींनी मागूनच भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘न्यूट्रल नाही. ज्या गिअरात चढला, त्याच गिअरात उतर.’ न्यूट्रलमध्ये गाडीला इंजिनची ओढ राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणाला दगा देतात. राहिलं डिझेल... गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की अशी इंजिनं डिझेल घेणंच बंद करतात. म्हणजे न्यूट्रलची ती बचतही खोटी!

खाली पोचल्यावर दाजींनी मालकाला शांतपणे सगळं सांगितलं. माणूस खरंच सरळ निघाला. त्याने स्वतः चालवून पाहिलं आणि मान्य केलं. दोन पंचेचाळीसला सौदा झाला. उरलेल्या पंचावन्न हजारांत नव्या डिस्क, पॅड, सगळी फिल्टरं, विमा, आरसी नावावर, आणि थोडे पैसे शिल्लक. सेकंडहँडचा हाच नियम. खिशातले सगळे पैसे गाडीवर उधळायचे नाहीत. गाडी घेतल्यावरचा पहिला महिना दुसरी किंमत मागतो.

घरगुती कायदा

परदेशात नव्या ड्रायव्हरला एकदम मोकळं सोडत नाहीत. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सुरुवातीच्या काळात रात्री चालवण्यावर आणि सोबतच्या पोरांच्या संख्येवर बंधनं असतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये तर नवशिक्याला फार ताकदवान गाड्यांना हातच लावू देत नाहीत. आपल्याकडे अठराव्या वर्षी लायसन मिळालं की सगळं खुलं. म्हणून ताईने स्वतःचा कायदा केला. सहा महिने अंधार पडल्यावर गाडी नाही. सोबत एकच मित्र. समृद्धी बंद. मोबाइल डिकीत.

‘डिकीत?’ भाचा ओरडला.

‘डिकीत,’ ताई म्हणाली.

गाडी नावावर झाल्यावर पहिल्या रविवारी ती मागच्या सीटवर बसली, शेगावला दर्शनाला जायला. भाच्याने चावी फिरवली आणि थांबला. ‘आई, बेल्ट.’ मागे कुणी बेल्ट लावतं का, असं ती पुटपुटली. त्याने इंजिन बंद केलं. पाच मिनिटं कुणी बोलेना. शेवटी बेल्टचा क्लिक आवाज झाला आणि गाडी निघाली.

बोथा घाट त्याने तिसऱ्या गिअरात उतरवला. कसा उतरवला, हे मला ताईने फोनवर सांगितलं. ‘झोप लागली रे मला,’ म्हणाली.

जाताय?

कसं जाल : रेल्वेने मलकापूर किंवा शेगाव, दोन्ही मुंबई-नागपूर लाइनवर. पुण्याहून गाडीने छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेड राजा.

कधी : ऑगस्ट ते जानेवारी. उन्हाळ्यात खालच्या मजल्यावर भट्टी असते.

काय बघाल : लोणार विवर आणि दैत्यसूदन, मेहकरचा बालाजी, सिंदखेड राजाचा वाडा, राजूर आणि बोथा घाट, शेगाव.

काय खाल : शेगावची कचोरी गरमागरम, आणि कुणाच्या घरी योग आलाच तर ज्वारीची भाकरी, ठेचा.

गाडी बघायला जात असाल तर : बोनेट थंड हवं. टायरचे चार आकडे वाचा. एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. आरसी, विमा आणि चलान सरकारी अ‍ॅपवर स्वतः तपासा. फॉर्म २९ आणि ३० सहीसकट घ्या, कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसीही. आणि मालक चढ दाखवून खूश झाला की हसून म्हणा, ‘आता उतार पाहू!’